विश्लेषण : कॉम्प्युटर स्वतःच्या चुका कुणाला कळवतो? ग्रेस हॉपर यांच्या वहीपासून ‘क्रॅश रिपोर्ट’पर्यंत

काम करता करता एखादा प्रोग्रॅम गोठतो, पडदा फिकट होतो आणि लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो. काय चालले आहे म्हणून टास्क मॅनेजर उघडावा तर यादीत एक अनोळखी नाव दिसते : ‘वेरफॉल्ट’. आपण ते सुरू केलेले नसते, त्याची खिडकीही कुठे दिसत नाही, तरी ते काहीतरी लिहीत असते आणि इंटरनेटवरून काहीतरी पाठवत असते. हा व्हायरस आहे का? आपली माहिती चोरली जाते आहे का? ही फाइल काढून टाकावी का?

थोडक्यात उत्तर असे : वेरफॉल्ट हा विंडोजचाच भाग आहे. बिघाड झाला की त्याची नोंद करायची, एवढेच त्याचे काम. ते का केले जाते, त्यात काय लिहिले जाते आणि धोका नेमका कुठे असतो, हे समजून घ्यायचे तर एका गणिताच्या प्राध्यापिकेच्या आयुष्याकडे वळावे लागते. कॉम्प्युटरमधील चुका पकडण्याच्या कामाशी जगभर जिचे नाव कायमचे जोडले गेले, ती अमेरिकी नौदल अधिकारी म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेस हॉपर कोण होत्या?

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती आणि पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. सुटे भाग परत बसवता येईनात म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. अशी घरातली सात घड्याळे खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आले. आईने रागावून सगळे बंद केले नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढी अट घातली.

कॉलेजचा प्रवेश मात्र सहज मिळाला नाही. लॅटिनमध्ये गुण कमी पडल्याने व्हॅसार कॉलेजने त्यांना पहिल्या वर्षी नाकारले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ मध्ये त्या गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथलीच गणितातील पीएच.डी. त्यांनी मिळवली. त्या काळी अमेरिकेत गणितात पीएच.डी. मिळवणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण हॉपर हे आडनाव त्यांनी ठेवले. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच शिकवत होत्या. आयुष्य असेच फळ्यासमोर गेले असते, पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली.

प्राध्यापिका नौदलात कशी गेली?

नौदलाच्या लेखी त्या भरतीसाठी अपात्र होत्या. वय जास्त, आणि वजन किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी, म्हणजे जवळपास सात किलोंनी कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापिकेचा देशाला कॉलेजात जास्त उपयोग आहे, असे सरकारचे मत होते. हॉपर यांनी सवलत मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये महिलांच्या राखीव नौदलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या तुकडीत पहिल्या आल्या. जहाजांवरच्या संदेशांचे किंवा गुप्तलिपीचे काम मिळेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलै १९४४ मध्ये त्यांची रवानगी झाली हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली.

तिथे तळघरात एक अजस्र यंत्र उभे होते : मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची आठ फूट, साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग आणि सुमारे ८०० किलोमीटर लांबीच्या तारा. सेकंदाला तीन बेरजा करणारे हे यंत्र कागदी पट्टीला पाडलेल्या छिद्रांवरून आज्ञा वाचत असे. एकेन यांनी हॉपर यांना यंत्र दाखवले आणि आठवडाभरात त्यावर एक गणित करून दाखवायला सांगितले. यंत्र कसे वापरायचे, याचे पुस्तक नव्हते. ते पुढे एकेन यांच्याच हुकमावरून हॉपर यांनी लिहिले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पाचशेहून अधिक पानांचा आहे.

चुकांची वही कशासाठी?

युद्धकाळात मार्क वन रात्रंदिवस चालत असे. आज्ञेत एक छिद्र चुकले, एखादा रिले अडकला किंवा पट्टी फाटली की सगळे गणित वाया जाई. एका पाळीतला माणूस घरी गेला की पुढच्या पाळीतल्याला आधी काय झाले ते कळावे कसे? म्हणून नोंदवही ठेवली जाई. किती वाजता यंत्र थांबले, कुठल्या भागात थांबले, काय केल्यावर पुन्हा सुरू झाले, हे त्यात लिहिले जाई. एकदाच झालेला बिघाड योगायोग असू शकतो. पण तोच भाग आठवड्यात चार वेळा अडकला तर दोष कुठे आहे ते वहीच सांगते.

याच काळातली एक घटना पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन हार्वर्डला आले. त्यांच्याकडे एक अवघड समीकरण होते आणि ते सोडवायला मार्क वन हवा होता. हॉपर यांच्या गटाने ते गणित यंत्रावर चढवले. ते कशासाठी आहे, हे त्यांना सांगितले गेले नव्हते. नागासाकीवर जो बॉम्ब पडला, त्या प्रकारच्या अणुबॉम्बच्या रचनेशी या आकडेमोडीचा संबंध होता, हे त्यांना नंतर कळले. आकडे बरोबर होते, काम चोख होते. पण ते आकडे कुठे जाणार, याची माहिती ते काढणाऱ्यांनाच नव्हती.

‘बग’ सापडला तेव्हा काय झाले?

मार्क वननंतर हार्वर्डमध्ये मार्क टू हे यंत्र तयार झाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते नीट चालेना. शोध घेता घेता एफ पॅनेलमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला. रात्री दिव्याभोवती घोंगावतो तसाच साधा कीटक. तंत्रज्ञांनी तो चिमट्याने काढला, चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर डकवला, शेजारी दुपारची ३ वाजून ४५ मिनिटांची वेळ टाकली आणि खरोखरचा ‘बग’ सापडल्याची पहिलीच घटना म्हणून गंमतीने नोंद केली.

ही गोष्ट सांगताना दोन चुका नेहमी होतात. एक, ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी शोधला असे म्हटले जाते. प्रत्यक्षात यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत १९व्या शतकातली आहे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ मधल्या पत्रव्यवहारातही हा शब्द येतो. म्हणून तर खरा किडा सापडल्याची तंत्रज्ञांना गंमत वाटली. दुसरी चूक म्हणजे पतंग हॉपर यांनी स्वतः पकडला, हा समज. तो त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडला. हॉपर यांनी ही गोष्ट पुढची चाळीस वर्षे व्याख्यानांतून इतकी रंगवून सांगितली की ती त्यांच्या नावावर जमा झाली. ती वही, त्या पतंगासकट, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

क्रॅश रिपोर्ट म्हणजे काय, हे या एका पानावरून कळते. तारीख आणि वेळ. कुठल्या यंत्रात. कुठल्या भागात. काय आढळले. आणि पुरावा म्हणून प्रत्यक्ष सापडलेली वस्तू. आजचा वेरफॉल्ट याच पाच गोष्टी लिहितो. फरक इतकाच की पतंगाच्या जागी तो मेमरीचा तुकडा चिकटवतो.

वहीतून यंत्राकडे हा प्रवास कसा झाला?

युद्ध संपल्यावर हॉपर यांनी नियमित नौदलात जाण्यासाठी अर्ज केला. वयामुळे तो नाकारला गेला. त्या राखीव दलात राहिल्या आणि हार्वर्डमध्येच संशोधन करू लागल्या. पण तिथे कायमची जागा नव्हती. संसार मोडलेला, नोकरीची शाश्वती नाही, कामाचा ताण प्रचंड. या वर्षांत त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. मित्रांच्या मदतीने त्या सावरल्या. १९४९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉक्ली या नव्या कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती.

इथे त्यांना जुना अनुभव उपयोगी पडला. हार्वर्डमध्ये त्या आणि त्यांचे सहकारी चाललेल्या प्रोग्रॅमचे तुकडे वहीत लिहून ठेवत आणि लागेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत. हॉपर यांच्या लक्षात आले की माणूस नक्कल करायला आणि बेरजा करायला वाईट आहे, आणि ही दोन्ही कामे यंत्राला उत्तम जमतात. मग तुकडे जोडण्याचे काम यंत्रालाच का देऊ नये? १९५१-५२ मध्ये त्यांनी ए-झिरो ही प्रणाली लिहिली. चाललेले तुकडे चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि यंत्राने ते शोधून जोडायचे. ‘कम्पायलर’ या शब्दाची आणि कल्पनेची सुरुवात इथे झाली. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, अशी तेव्हा ठाम समजूत होती. त्यामुळे चालणारी प्रणाली समोर असूनही बराच काळ कुणी तिला हात लावायला तयार नव्हते.

१९५३ मध्ये ए-टू ही सुधारित आवृत्ती ग्राहकांना दिली गेली, तीही मूळ प्रोग्रॅमसकट. त्यात सुधारणा सुचल्या तर त्या कंपनीला परत पाठवाव्यात, असे आवाहनही केले गेले. वापरणाऱ्याला जे आढळले ते बनवणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. आज क्रॅश रिपोर्ट नेमके हेच करतो. फक्त टपाल आणि माणूस मधून गेले आहेत.

कोबोल आणि वाय-टू-के यांचा संबंध काय?

हॉपर यांचे पुढचे पाऊल धाडसाचे होते. प्रोग्रॅम चिन्हांत लिहिण्याऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता यावा, असा त्यांचा आग्रह होता. हे यंत्राला कळते हे दाखवण्यासाठी त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवल्या. अमेरिकी यंत्राला परकी भाषा समजते हे पाहून वरिष्ठ उलट घाबरले आणि इंग्रजीपुरतेच थांबायला सांगण्यात आले. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये झालेल्या बैठकीतून कोबोल या व्यावसायिक भाषेचे काम सुरू झाले, तेव्हा तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिक होता. हॉपर या कामाच्या सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचा कारभार पुढे या भाषेवर उभा राहिला.

त्या काळी मेमरी इतकी महाग होती की वर्ष लिहायला चारऐवजी दोनच आकडे वापरत. तीच काटकसर १९९९ संपताना जगाला भोवली. २००० साल आले की कॉम्प्युटर १९०० समजतील, ही वाय-टू-केची धास्ती. जुने कोबोल प्रोग्रॅम तपासण्याचे प्रचंड काम तेव्हा भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना मिळाले. या उद्योगाच्या वाढीत त्या कामाचा वाटा मोठा होता. न नोंदवलेली चूक चाळीस वर्षे शांत बसू शकते, एवढे त्यातून दिसले.

आजचा क्रॅश रिपोर्टर नेमके काय करतो?

१९५० च्या दशकात कॉम्प्युटरची मेमरी चुंबकीय कड्यांची असे. या कड्यांना ‘कोअर’ म्हणत. यंत्र कोलमडले की मेमरीत जे होते ते सगळे कागदावर छापून काढायचे आणि बसून वाचायचे. त्याला ‘कोअर डम्प’ हे नाव पडले. कड्या गेल्या, नाव राहिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विंडोजमध्ये बिघाडाची नोंद करणारा डॉ. वॉटसन हा प्रोग्रॅम आला. शेरलॉक होम्सच्या नोंदी ठेवणाऱ्या मित्राचे नाव त्याला दिले होते. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ही नोंद इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टला पाठवण्याची सोय झाली.

आता एखादा प्रोग्रॅम कोसळला की विंडोज वेरफॉल्ट सुरू करते. तो आधी मोजकी माहिती गोळा करतो : प्रोग्रॅमचे नाव, त्याची आवृत्ती, कुठल्या भागात बिघाड झाला आणि बिघाडाचा सांकेतिक क्रमांक. ही माहिती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाते. हा बिघाड आधीच माहीत असेल तर तिथे फक्त मोजणीत एकाने भर पडते. नवा असेल तर सर्व्हर जास्त तपशील मागू शकतो. मग ‘मिनीडम्प’ म्हणजे कोसळण्याच्या क्षणीच्या मेमरीचा छोटा तुकडा जातो. काम झाले की वेरफॉल्ट बंद होतो.

याचा उपयोग किती, हे २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना कळवलेल्या आकड्यांवरून दिसते. एकूण दोषांपैकी सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होत होते आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्मे. कोट्यवधी वह्या एकत्र वाचल्याशिवाय हा एक टक्का सापडला नसता.

ही पद्धत फक्त विंडोजपुरती नाही. क्रोम ब्राउझरमध्ये क्रॅशपॅड हँडलर असतो, मॅकमध्ये रिपोर्टक्रॅश असतो. फायरफॉक्स कोसळल्यावर अहवाल पाठवू का, असे विचारतो. अँड्रॉइड आणि आयफोनमध्येही हीच यंत्रणा आहे. तुम्ही हा मजकूर ज्या मोबाइलवर वाचत आहात, त्यातही बहुधा ती चालू आहे.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका वेषांतराचा. विश्वासू नाव असले की चोर तेच नाव घेतो. २०२३ च्या सुरुवातीला चेन्नईच्या के-सेव्हन कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी असा एक प्रकार उघड केला. ईमेलमधून आलेल्या एका डिस्क फाइलमध्ये वेरफॉल्टची खरीखुरी प्रत होती. मात्र तिच्या शेजारी तिला लागणारी एक मदतनीस फाइल बनावट ठेवलेली होती. खरा वेरफॉल्ट सुरू झाला की शेजारची बनावट फाइल उचलतो आणि कॉम्प्युटरचा ताबा परक्याच्या हाती जातो. म्हणजे फाइल अस्सल, पण जागा चुकीची. त्यामुळे नाव पाहून भागत नाही, पत्ताही पाहावा लागतो.

दुसरा धोका मजकुराचा. कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे असेल त्याचा तुकडा डम्पमध्ये येतो. त्यात उघड्या कागदपत्रातील काही ओळी, फाइलचे नाव किंवा टाइप केलेला पासवर्डही असू शकतो. कंपन्या असा मजकूर गाळण्याचा प्रयत्न करतात, पण डम्पमध्ये काहीच खासगी नाही अशी हमी कुणालाच देता येत नाही. पूर्ण मेमरीचा डम्प असेल तर जोखीम वाढते.

तिसरा धोका वाटेतला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने गोपनीय कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिले. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था विंडोजचे क्रॅश रिपोर्ट वाटेत टिपून घेत होती. एखाद्या कॉम्प्युटरवर कोणता प्रोग्रॅम कुठे कमकुवत आहे, हे त्यातून आयते कळते. आता हे अहवाल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन जातात, त्यामुळे वाटेत वाचणे अवघड झाले आहे.

मार्क वनवर फॉन नॉयमन यांचे गणित सोडवणाऱ्यांना आपल्या आकड्यांचा पुढचा प्रवास ठाऊक नव्हता. क्रॅश रिपोर्टच्या बाबतीत आपण त्यांच्याच जागी असतो. नोंद प्रामाणिक असते, पण ती कोण वाचणार हे लिहिणारे यंत्र ठरवत नाही. म्हणून निर्णय आपण घ्यावा लागतो.

वापरणाऱ्याने काय करावे?

१. पत्ता तपासा. टास्क मॅनेजरमध्ये वेरफॉल्टवर उजवी क्लिक करून फाइल कुठे आहे ते पाहा. ती विंडोज फोल्डरच्या आतील सिस्टिम-३२ किंवा सिसवॉव-६४ या फोल्डरमध्ये असायला हवी. डाउनलोड्स, टेम्प किंवा पेनड्राइव्हमधून ती चालत असेल तर इंटरनेट तोडा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

२. फाइल काढून टाकू नका. वेरफॉल्ट सतत दिसत असेल तर दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम वारंवार कोसळत आहे. डॉक्टरने ताप मोजला म्हणून तापमापक फोडून उपयोग नसतो. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. कोणता प्रोग्रॅम कुठल्या दिवशी कोसळला, याचे कॅलेंडर उघडते. तो प्रोग्रॅम किंवा संबंधित ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर काढून पुन्हा टाका.

३. काय पाठवायचे ते ठरवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी विभागात ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ हा पर्याय आहे. तिथे ऐच्छिक माहिती पाठवणे बंद करता येते. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या आत ‘अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स’ पाहा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘यूसेज अँड डायग्नोस्टिक्स’ शोधा, कारण कंपनीनुसार त्याची जागा बदलते.

४. कामाचे स्वरूप पाहा. घरचा लॅपटॉप असेल तर अहवाल चालू ठेवण्यात फायदा जास्त आहे. अशील, रुग्ण किंवा ग्राहक यांची गोपनीय माहिती हाताळणाऱ्यांनी ऐच्छिक अहवाल बंद ठेवणे बरे. दुरुस्तीसाठी कुणी डम्प फाइल मागितली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा सार्वजनिक जागी टाकून पाठवू नका.

५. फोन नंबर दिसला की सावध व्हा. कॉम्प्युटर क्रॅश झाला आहे, या नंबरवर फोन करा, असे सांगणारी खिडकी ही फसवणूक असते. खरा क्रॅश रिपोर्टर फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही आणि कॉम्प्युटरचा ताबाही मागत नाही.

हॉपर यांची अखेरची वर्षे कशी गेली?

नौदलाने १९६६ च्या अखेरीस हॉपर यांना वयामुळे निवृत्त केले. पण सात महिन्यांत परत बोलावले, कारण नौदलातील कोबोल प्रोग्रॅम एकमेकांशी जुळत नव्हते. सहा महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेले हे काम जवळपास १९ वर्षे चालले. व्याख्यानांना जाताना त्या तारेचे सुमारे ३० सेंटिमीटरचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकतो, हे हातात धरून कळावे म्हणून. उपग्रहाचा संदेश यायला वेळ का लागतो, हे त्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही असेच समजावत. त्यांच्या कार्यालयात उलटे फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीला ते त्यांचे उत्तर होते.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. वय ७९ वर्षे. त्या वेळी सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयस्कर होत्या. त्यानंतरही त्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार झाल्या आणि तरुण प्रोग्रॅमरना शिकवत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिले.

हॉपर यांच्या पिढीने यंत्राकडून चुका होणार हे गृहीत धरले आणि त्या लपवण्याऐवजी वहीत डकवल्या. आजचे कॉम्प्युटर आणि मोबाइल आधीपेक्षा कमी कोसळतात, त्यामागे त्या सवयीचा मोठा हात आहे. वेरफॉल्ट ही तीच वही आहे. ती घरात असण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ती योग्य जागी आहे ना आणि तिचे पान कुणाच्या हाती जाते आहे, हे तपासण्याचे काम वापरणाऱ्याचे आहे.